उणे २० की उणे ८०? गोठवलेल्या लघवीतली प्रथिनं

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)

आज आपण एका साध्या वाटणाऱ्या प्रश्नावर बोलणार आहोत. लघवीचा नमुना फ्रीझरमध्ये ठेवला, काही महिन्यांनी बाहेर काढला आणि तपासला, तर त्यातली प्रथिनं तितकीच सापडतात का? आपली घरगुती समजूत अशी की गोठवलं म्हणजे टिकलं. मटार टिकतो, मासळी टिकते, मग लघवी का नाही टिकणार? पण इथे ही समजूत फसते. आणि ती कशी फसते हे समजून घेताना थोडं भौतिकशास्त्र, थोडं रसायनशास्त्र आणि बरंचसं वैद्यकशास्त्र आपल्या हाती लागतं.

आधी हे सांगायला हवं की हा प्रश्न फक्त संशोधकांचा नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार आपल्या देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण आहेत. या प्रत्येकाच्या किडनीवर मधुमेहाचा परिणाम होऊ लागला आहे का, हे लवकर कळण्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे लघवीतलं अल्ब्युमिन मोजणं. त्या मोजणीत घोटाळा झाला तर ज्याला औषध मिळायला हवं त्याला "सगळं ठीक आहे" असा कागद हातात मिळतो. म्हणून हा विषय.

लघवीत प्रथिनं येतात कुठून?

आपल्या दोन्ही किडन्या मिळून दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात. रक्तद्रवात लिटरमागे सुमारे ४० ग्रॅम अल्ब्युमिन असतं. म्हणजे गुणाकार केला तर रोज सात किलोहून जास्त अल्ब्युमिन या गाळणीच्या दारात येऊन उभं राहतं. आणि निरोगी माणसाच्या लघवीत दिवसभरात उतरतं किती? ३० मिलिग्रॅमपेक्षाही कमी. केवढी बारीक गाळणी असेल बघा! शिवाय थोडंफार जे निसटतं, तेही पुढच्या नलिका बरंचसं परत शोषून घेतात.

मधुमेहात किंवा उच्च रक्तदाबात ही गाळणी सैल होऊ लागते, तेव्हा अल्ब्युमिन थोडं थोडं गळायला लागतं. या टप्प्यावर रुग्णाला काहीही त्रास नसतो. पायावर सूज नसते, रक्तातलं क्रिएटिनिन अगदी व्यवस्थित असतं. पण १९८० च्या दशकात व्हिबर्टी आणि मोगेनसेन यांनी दाखवून दिलं की मधुमेही रुग्णांमध्ये ही बारीकशी गळती पुढच्या मोठ्या आजाराची आगाऊ सूचना असते.

आज प्रयोगशाळा अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचं गुणोत्तर काढतात. लघवी पातळ आहे की घट्ट, हा फरक त्यामुळे निघून जातो. एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा कमी अल्ब्युमिन असेल तर ठीक, ३० ते ३०० म्हणजे मध्यम वाढ, आणि ३०० च्या वर म्हणजे बरीच वाढ. हा ३० चा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो लागणार आहे.

पण लघवीत अल्ब्युमिन एकटं नसतं. निरोगी माणसाच्या लघवीत सगळ्यात जास्त प्रमाणात असतं ते युरोमॉड्युलिन. हे रक्तातून येत नाही, किडनीच्या नलिकांमधल्या पेशी स्वतःच ते तयार करतात. त्याचं जुनं नाव टॅम-हॉर्सफॉल प्रथिन. इगोर टॅम आणि फ्रँक हॉर्सफॉल या दोघांनी १९५० मध्ये ते वेगळं काढलं. ते शोधत होते विषाणूंना अडवणारा लघवीतला पदार्थ. त्यांनी वापरलेली युक्ती फार साधी होती. लघवीत मीठ घालायचं, लिटरला सुमारे ३४ ग्रॅम होईल इतकं. मीठ वाढलं की हे प्रथिन एकमेकांत गुंफून बाहेर पडतं. ही मिठाची युक्तीही ध्यानात ठेवा, कारण फ्रीझर नकळत हेच करतो.

याशिवाय इम्युनोग्लोब्युलिन, ट्रान्सफेरिन, बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन, किडनीला इजा झाल्यावर वाढणारी एनजीएएल आणि किम-१ यांसारखी प्रथिनं, आणि पेशींनी बाहेर टाकलेल्या अतिसूक्ष्म पिशव्या, म्हणजे एक्झोसोम, असा बराच गोतावळा असतो.

गोठताना नेमकं काय घडतं?

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. पाणी शून्य अंशाला गोठतं. लघवी म्हणजे पाणी अधिक युरिया अधिक क्षार. त्यामुळे ती शून्याच्या थोडं खाली, साधारण उणे १ अंशाच्या आसपास गोठायला लागते. "गोठायला लागते" असं आम्ही मुद्दाम म्हणतो आहोत. कारण ती एकदम सगळी गोठत नाही.

बर्फाचा स्फटिक फार शिस्तीचा असतो. तो फक्त पाण्याच्या रेणूंना आत घेतो. मीठ, युरिया, फॉस्फेट, प्रथिनं या सगळ्यांना तो बाहेर ढकलतो. तुम्ही कधी फ्रीजमध्ये सरबताची बाटली अर्धवट गोठलेली पाहिली असेल. बर्फ फिका असतो आणि मध्ये उरलेलं पाणी जास्त गोड आणि गडद रंगाचं. तेच इथे होतं. बर्फ वाढत जातो आणि त्याच्या फटींमध्ये उरलेलं पाणी जास्त जास्त खारट होत जातं.

किती खारट? एक ढोबळ हिशेब करू. द्रावणाचा गोठणबिंदू विरघळलेल्या कणांच्या संख्येनुसार खाली जातो. किलोभर पाण्यात एक ऑस्मोल कण असतील तर गोठणबिंदू १.८६ अंशांनी उतरतो. सर्वसाधारण लघवीत समजा ०.६ ऑस्मोल आहेत. उणे २० अंशांवर बर्फाशेजारी द्रवरूपात टिकून राहायचं, तर त्या द्रवात १० ऑस्मोलपेक्षा जास्त दाटी हवी. म्हणजे उरलेला द्रव मूळ लघवीच्या साधारण अठरा पट दाट झालेला असतो. शंभर मिलिलिटर लघवीतले पाचेक मिलिलिटर द्रव म्हणून शिल्लक राहतात. प्रत्यक्षात काही क्षार मध्येच स्फटिक होऊन बाहेर पडतात, त्यामुळे आकडा थोडा इकडेतिकडे होतो. पण चित्र हेच.

इथे एक गंमतीचा योगायोग आहे. मीठ आणि पाणी यांचं मिश्रण पूर्णपणे घट्ट व्हायला सुमारे उणे २१ अंश लागतात. आणि आपले साधे प्रयोगशाळेतले फ्रीझर कितीवर चालतात? उणे २० वर! म्हणजे अगदी दारात जाऊन थांबल्यासारखं. बाहेरून बघितलं तर नळी दगडासारखी घट्ट दिसते. आत मात्र बर्फाच्या कणांमधल्या फटींत खारट द्रवाच्या बारीक शिरा जिवंत असतात. आणि सगळी प्रथिनं त्या शिरांमध्येच कोंबलेली असतात.

त्या शिरांमध्ये प्रथिनांवर काय काय संकटं येतात, ते एकेक पाहू.

पहिलं संकट दाटीचं. जी प्रथिनं मोकळ्या पाण्यात एकमेकांपासून दूर होती, ती आता अंगाला अंग लावून उभी आहेत. चिकटायची शक्यता वाढली. मिठाचं प्रमाण टॅम आणि हॉर्सफॉल यांनी वापरलं होतं त्याच्याही कितीतरी पुढे गेलेलं आहे. युरोमॉड्युलिनचे धागे गुंफतात, जाळं तयार होतं आणि त्या जाळ्यात इतर प्रथिनंही अडकतात.

दुसरं संकट युरियाचं. प्रयोगशाळेत प्रथिनाची घडी मोडायची असेल तर आपण ६ ते ८ मोलार युरिया वापरतो. लघवीत तो जेमतेम काही दशांश मोलार असतो. पण अठरा पट केला की तो ५ मोलारच्या जवळपास पोचतो. म्हणजे प्रथिनाची घडी सैल करायला लागणारं औषध नमुन्यातच होतं, फ्रीझरने ते फक्त आटवून दिलं.

तिसरं संकट आम्लतेचं. गोठताना वेगवेगळे फॉस्फेट क्षार वेगवेगळ्या वेळी स्फटिक होतात. सोडियम फॉस्फेटच्या साध्या द्रावणात तर त्यातला एक क्षार आधी बाहेर पडल्यामुळे उरलेला द्रव चांगलाच आम्ल होतो. लघवीचं मिश्रण गुंतागुंतीचं असतं, पण आम्लता हलू शकते एवढं खरं. आणि प्रथिनं आम्लतेला फार हळवी असतात.

चौथं संकट बर्फाचं स्वतःचं. बर्फ आणि द्रव यांच्या सीमेवर प्रथिनं जाऊन चिकटतात आणि त्यांचा आकार बिघडतो. बर्फाचे कण जितके जास्त, तितकी ही सीमा मोठी.

पाचवं संकट कात्र्यांचं. लघवीत प्रथिनं तोडणारी विकरं असतात. लघवीमार्गात संसर्ग असेल तर पांढऱ्या पेशींमधून आणखी येतात. थंडीने त्यांचा वेग मंदावतो हे खरं, पण द्रव शिल्लक आहे तोवर त्या पूर्ण थांबत नाहीत. आणि दाटीमुळे कात्री आणि कापड दोन्ही जवळ आलेली असतात. महिनोन्‌महिने वेळ मिळाला तर मंद कात्रीही बरंच कापते.

आता उणे ७० किंवा उणे ८० वर काय होतं? द्रवाच्या शिरा जवळजवळ सगळ्या घट्ट होतात. रेणूंना हलायला जागाच उरत नाही. चिकटणं, उलगडणं, कातरलं जाणं, या सगळ्याला हालचाल लागते, आणि तीच थांबते. गोठताना आणि वितळताना नमुना मधल्या धोक्याच्या पट्ट्यातून जातो, तेवढं नुकसान इथेही होऊ शकतं. पण उणे २० वर नमुना त्या पट्ट्यात मुक्कामाला असतो, तर उणे ८० वर तो तिथून फक्त पुढे जातो. सगळा फरक मुक्काम आणि प्रवास यांतला आहे.

"हरवलं" म्हणजे कुठे गेलं?

प्रथिन कमी सापडलं असं आपण म्हणतो, तेव्हा ते नाहीसं झालेलं नसतं. तीन गोष्टी झालेल्या असू शकतात.

एक, ते तळाशी बसलं. वितळलेल्या नळीत बऱ्याचदा धुरकट गाळ दिसतो. त्यात युरेट असतात, फॉस्फेट असतात, कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक असतात आणि त्यांना बिलगून प्रथिनंही असतात. तंत्रज्ञाने वरचा स्वच्छ द्रव उचलला किंवा वितळल्याबरोबर नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली, की गाळातलं प्रथिन मोजणीबाहेर गेलं.

दोन, ते नळीच्या भिंतीला चिकटलं. नमुन्यात प्रथिन मुळातच कमी असेल तर भिंतीने खाल्लेला वाटा लक्षात येण्याइतका असू शकतो.

तीन, ते आहे, पण ओळखू येत नाही. हा मुद्दा जरा सावकाश घेऊ. अल्ब्युमिन मोजायच्या नेहमीच्या पद्धती प्रतिपिंडांवर चालतात. प्रतिपिंड प्रथिनाच्या पृष्ठभागावरचा ठरावीक आकार ओळखतं. प्रथिनाची घडी बदलली, ते तुटलं किंवा घोळक्यात दडलं, तर प्रतिपिंडाला ते सापडत नाही. वजनाने प्रथिन तिथेच आहे, पण यंत्राच्या लेखी गैरहजर.

म्हणून गोठवलेल्या नमुन्यांवरचे अभ्यास वाचताना दोन गोष्टी विचारायच्या. कोणत्या तापमानावर ठेवलं आणि कोणत्या पद्धतीने मोजलं.

ग्रोनिंगेनचा धडा

आता एक प्रत्यक्ष उदाहरण. नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगेन नावाचं शहर आहे. तिथे १९९७ मध्ये 'प्रिव्हेंड' नावाचा मोठा अभ्यास सुरू झाला. शहरातल्या २८ ते ७५ वयाच्या ८५,४२१ लोकांना एक प्रश्नावली आणि लघवीसाठी एक छोटी बाटली पाठवली गेली. त्यातल्या ४०,८५६ लोकांनी उत्तर दिलं, सकाळची पहिली लघवी बाटलीत भरून टपालाने पाठवली. लघवीतलं अल्ब्युमिन आणि पुढचा हृदयविकार, किडनीविकार, मृत्यू यांचा काय संबंध आहे, हे वर्षानुवर्षं पाहायचं होतं.

यातूनच पुढे एक प्रश्न निघाला. ताजी लघवी तपासून आलेला आकडा आणि त्याच लघवीचा फ्रीझरमध्ये दीर्घकाळ ठेवलेला भाग तपासून आलेला आकडा, यातला कोणता आकडा मृत्यूचा धोका चांगला सांगतो? ब्रिंकमन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. निष्कर्ष असा की दीर्घकाळ गोठवून ठेवल्यावर अल्ब्युमिनची भविष्य सांगायची ताकद कमी होते.

हे ऐकायला रुक्ष वाटतं, पण त्याचा अर्थ बघा. समजा सगळ्या नमुन्यांमधलं अल्ब्युमिन सारख्या प्रमाणात घटलं असतं, प्रत्येकाचं बरोबर पंचवीस टक्के, तर काही बिघडलं नसतं. आपण एका आकड्याने गुणून हिशेब परत जुळवला असता. क्रम तोच राहिला असता, ज्याचं जास्त त्याचं जास्त. पण तसं होत नाही. काही नमुन्यांत घट जवळजवळ शून्य, काहींत मध्यम, आणि काहींत बहुतेक सगळं अल्ब्युमिन गायब. कोणाची लघवी आम्ल, कोणाची घट्ट, कोणाच्या लघवीत युरोमॉड्युलिन जास्त, कोणाच्या लघवीत विकरं जास्त. प्रत्येक नळीचं नशीब वेगळं. म्हणून दुरुस्तीचा एकच गुणक चालत नाही.

आता तो ३० चा आकडा आठवा. समजा एखाद्या रुग्णाचं ताज्या नमुन्यातलं गुणोत्तर ३६ आहे. हे फक्त समजण्यासाठी घेतलेलं उदाहरण आहे. साठवणुकीत अल्ब्युमिनचा पाचवा हिस्सा हरवला. क्रिएटिनिन हा छोटासा, बळकट रेणू, त्याला फ्रीझरचं काही वाटत नाही, तो तेवढाच राहतो. अंश घटला, छेद तोच. गुणोत्तर आलं २९ च्या खाली. रुग्ण "वाढलेलं" मधून "ठीक" मध्ये सरकला. ज्याचं गुणोत्तर ८०० आहे त्याचा पाचवा भाग गेला तरी ६४० उरतं, निदान बदलत नाही. म्हणजे फटका बसतो तो नेमका काठावरच्या माणसाला, ज्याच्यासाठी ही तपासणी मुळात काढली आहे.

एवढ्यासाठीच किडनीविकाराच्या आंतरराष्ट्रीय 'केडिगो' मार्गदर्शिकेने २०२४ च्या आवृत्तीत स्पष्ट लिहिलं आहे: अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तरासाठी नमुना ताजा तपासावा, किंवा ४ अंशांवर जास्तीत जास्त ७ दिवस ठेवावा, आणि उणे २० वर गोठवून ठेवू नये.

जरा विचित्र वाटतं ना? ४ अंश चालतात आणि उणे २० चालत नाहीत. पण आता आपल्याला कारण माहीत आहे. ४ अंशांवर बर्फ नाही, म्हणून आटवणं नाही, युरिया आणि मीठ आपापल्या जागी पातळ आहेत.

सगळी प्रथिनं सारखी नसतात

इम्युनोग्लोब्युलिन जी उणे २० वर घटतं, असं जुन्या अभ्यासांपासून दिसत आलं आहे. बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिनची कथा तर आणखी वेगळी. ते आम्ल लघवीत इतकं नाजूक असतं की फ्रीझरपर्यंत जायच्या आधीच, मूत्राशयातच तुटायला लागतं. म्हणून अनेक ठिकाणी त्याऐवजी अल्फा-१ मायक्रोग्लोब्युलिन किंवा रेटिनॉल बांधणारं प्रथिन मोजतात, ती आम्ल लघवीत जास्त टिकाऊ आहेत.

एक्झोसोमवर २००६ मध्ये एक महत्त्वाचं काम झालं. उणे २० वर ठेवलेल्या लघवीतून या पिशव्या फार कमी परत मिळाल्या. उणे ८० वर ठेवलेल्या लघवीतून जवळजवळ सगळ्या मिळाल्या, पण एका अटीवर: वितळल्यावर नळी जोरात, नीट घुसळली पाहिजे. न घुसळता पुढे गेलं की पिशव्या गाळात आणि युरोमॉड्युलिनच्या जाळ्यात अडकून राहतात.

दुसरी बाजूही सांगायला हवी. उणे तापमान म्हणजे सर्वनाश नव्हे. २००० साली 'नेचर'मध्ये फ्रान्सच्या लासन आणि द सोरीझ यांनी लघवीतून कृत्रिम एरिथ्रोपोएटिन ओळखायची पद्धत मांडली. हे रक्तपेशी वाढवणारं संप्रेरक, म्हणजे प्रथिनच. ती पद्धत त्यांनी १९९८ च्या 'टूर द फ्रान्स' शर्यतीतल्या सायकलपटूंच्या गोठवून ठेवलेल्या लघवीवर वापरून दाखवली. "आहे की नाही" किंवा "कोणत्या जातीचं आहे" हा प्रश्न असेल तर गोठवलेला नमुना बरंच सांगू शकतो. "नेमकं किती आहे" हा प्रश्न असला की मात्र सावध व्हायचं.

मग करायचं काय?

निदानासाठी नमुना असेल तर फ्रीझरचा विचारच करू नका. ताजा तपासा, किंवा फ्रीजच्या साध्या कप्प्यात ठेवा आणि आठवड्याच्या आत तपासा.

संशोधनासाठी ठेवायचा असेल तर उणे ८०. आधी हळू वेगाने फिरवून पेशी आणि कचरा काढून टाका, म्हणजे पेशी फुटून त्यातली विकरं मिसळणार नाहीत. नमुना छोट्या छोट्या नळ्यांमध्ये विभागा. एकच मोठी बाटली ठेवली तर दर वेळी सगळी वितळवावी लागते, आणि प्रत्येक वितळणं म्हणजे धोक्याच्या पट्ट्यातून आणखी एक फेरी. एक नळी, एक वापर, हा नियम.

वितळवताना नमुना पूर्ण वितळू द्या, खोलीच्या तापमानाला किंवा ३७ अंशांपर्यंत येऊ द्या. थंडीत बसलेले युरेट उबेने परत विरघळतात आणि त्यांच्याबरोबर अडकलेलं प्रथिनही थोडंफार सुटतं. मग नीट मिसळा. मिसळायच्या आधी सेंट्रिफ्यूज करू नका.

आणि फ्रीझर निवडताना आपोआप बर्फ काढणारा घरगुती पद्धतीचा घेऊ नका. भिंतीवरचा बर्फ जावा म्हणून तो ठरावीक वेळाने आतून गरम होतो. आपल्याला कळतही नाही आणि नमुना रोज थोडा वितळून परत गोठतो. ज्या गावात वीज जाते तिथे हीच गोष्ट आणखी मोठ्या प्रमाणात होते. म्हणून तापमानाची नोंद करणारं उपकरण आत हवंच. दूर पाठवायचं असेल तर कोरडा बर्फ वापरा, तो उणे ७८ अंशांच्या आसपास असतो.

शेवटी, नोंद. नमुना कधी घेतला, कधी गोठवला, किती अंशांवर ठेवला, किती वेळा वितळवला. ही चार वाक्यं नसतील तर दहा वर्षांनी त्या नळीतून निघालेला आकडा वाचायचा कसा हे कोणालाच सांगता येणार नाही.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न: सकाळची लघवी घेतली, पण लॅब दुपारी उघडते. तोवर काय करावं?*

बाटलीचं झाकण घट्ट लावून, पिशवीत गुंडाळून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. बर्फाच्या कप्प्यात नाही. काही तासांनी अल्ब्युमिनचं काही बिघडत नाही. मात्र लघवीतल्या पेशी किंवा जंतू पाहायचे असतील तर लवकरात लवकर पोचवा, त्यांची घाई वेगळी असते.

*प्रश्न: आमच्या तालुक्याच्या गावी नमुना गोळा करून शहरात पाठवतात. आम्ही काय विचारावं?*

दोनच प्रश्न विचारा. नमुना शहरात कधी पोचतो आणि तोवर कशात ठेवतात? "थंड पेटीत, दोन दिवसांत" असं उत्तर असेल तर निश्चिंत राहा. "फ्रीझरमध्ये साठवतो आणि बरेच नमुने जमले की पाठवतो" असं उत्तर असेल तर या तपासणीपुरता नमुना दुसरीकडे द्या.

*प्रश्न: आमच्या महाविद्यालयात दोन वर्षं उणे २० वर ठेवलेले नमुने आहेत. फेकून द्यायचे का?*

नाही. क्रिएटिनिन, युरिया, सोडियम यांच्यासाठी ते वापरता येतील. प्रथिनांसाठी वापरायचे तर "किती" पेक्षा "आहे का" असे प्रश्न विचारा, आणि निबंधात साठवणुकीचं तापमान व काळ लिहा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे उणे २० वरचे काही आणि उणे ८० वरचे काही, असे नमुने एकाच तुलनेत मिसळू नका. आजारी लोकांचे नमुने एका फ्रीझरमध्ये आणि निरोगी लोकांचे दुसऱ्यात असतील, तर तुम्ही आजार मोजत नसता, फ्रीझर मोजत असता.

*प्रश्न: माझा अहवाल २८ आला आहे. आता या व्याख्यानानंतर भीती वाटते.*

भीती नको, पण पुन्हा तपासणी जरूर करा. लघवीतलं अल्ब्युमिन एरवीही दिवसागणिक हलतं. ताप, संसर्ग, आदल्या दिवशीचा जबरदस्त व्यायाम, मासिक पाळी, यांनीही आकडा बदलतो. म्हणूनच तीन ते सहा महिन्यांच्या काळात घेतलेल्या तीन नमुन्यांपैकी दोन वाढलेले आले तरच डॉक्टर निदान पक्कं करतात. सकाळची पहिली लघवी द्या, ती ताजी तपासली जाईल असं बघा, आणि दोन्ही अहवाल डॉक्टरांना एकत्र दाखवा.